सुगीच्या दिवसांतलं खानापूर

गुरुवार

कोल्हापुरात प्रचाराचे भोंगे टिपेला पोचले होते. विधानसभेचं मतदान बुधवारी, 20 नोव्हेंबर 2024 ला. तोवर कानाला सुट्टी द्यावी म्हणत होते, एवढ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून मावशीचा फोन आला. "सुगी आलीया. माणसं कमी पडाल्यात. येतीस काय?" पाहुणचाराबद्दल चकार शब्द नाही. मी पिशवी भरली.

कागल, कोगनोळी, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी. हा रस्ता मला झोपेतही सांगता येईल, आणि बराचसा मी झोपेतच काढला. बेळगावच्या स्टँडवर खानापूरची बस लागलेलीच होती. आत बायकाच जास्त. कंडक्टर आधी आधार कार्ड बघत होता, मग शून्य रुपयाचं तिकीट फाडत होता. 'शक्ती' योजनेत 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. माझ्या कार्डावर पत्ता कोल्हापूरचा, म्हणून मला पूर्ण तिकीट. आमच्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, असं सांगून बघितलं. तो हसला, पैसे घेतले. शेजारची बाई म्हणाली, "कार्ड हिकडचं करून घ्या की, त्यात काय." सीमाप्रश्नाची इतकी सोपी उकल मी आजवर ऐकली नव्हती.

प्रभूनगर मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना भातशेती लागली. अर्ध्या शेतात भात उभं, अर्ध्यात कापून आडवं पसरलेलं. वर आभाळ गच्च. बसमधली बोलणी हळूहळू बंद झाली आणि जो तो खिडकीतून वर बघू लागला. कापलेलं भात दोन-तीन दिवस उन्हात वाळावं लागतं, मग भारे बांधायचे. त्या दोन-तीन दिवसांत पाऊस आला तर दाणा काळा पडतो, जास्त भिजला तर पडल्या जागी मोड येतात. गणेबैलच्या टोलनाक्यावर एक म्हातारा उतरता उतरता कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाला, "आज नको."

मावशीच्या घराला कुलूप. शेजारच्या काकूंनी चावी आणून हातात ठेवली, मग चहा आणला आणि मग विचारलं, "तुम्ही कोण?" घरची मंडळी अंधार पडल्यावर आली. मावशी, काका आणि गोव्याला वेर्ण्याच्या एका कारखान्यात नोकरी करणारा मावसभाऊ. तो सुगीपुरती रजा टाकून आलाय. या तालुक्यातल्या कितीतरी घरांचं हे असंच आहे. पोरं गोव्यात, पुण्यात, कोल्हापुरात. गणपतीला येतात ती आरतीला आणि सुगीला येतात ती विळ्याला.

शुक्रवार, त्रिपुरी पौर्णिमा

कोजागिरीपासून रोज पहाटे चाललेल्या काकड्याची आज समाप्ती. मावशीनं चारच्या सुमारास हलवलं. देवळात पंधरा-वीस माणसं. विणा एका निवृत्त ड्रायव्हरच्या गळ्यात, पखवाजावर कॉलेजातला पोरगा, बायकांच्या ओळीत बहुतेकींच्या डोक्यावर टॉवेल किंवा मफलर. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळे, सगळं क्रमानं झालं. पण दर अभंगानंतर कुणीतरी एक जण उठून दाराशी जायचा, आभाळ बघायचा आणि परत येऊन बसायचा. कुणी त्याला काही विचारत नव्हतं. तो मान हलवायचा तेवढीच.

शेवटी काला झाला. दही, पोहे, लाह्या, डाळिंबाचे दाणे. एरवी यानंतर पंगत बसते म्हणे. यंदा महाप्रसाद रात्री ठेवला होता, कारण दिवसा जेवत बसायला कुणी मोकळं नाही. उजाडलं तेव्हा देऊळ रिकामं होतं.

दुपारी चार थेंब पडले. चारच, पण तेवढ्यात गल्लीत जी पळापळ झाली! दारात वाळत घातलेलं भात, कौलांवर पसरलेल्या मिरच्या, कुणाचे पापड. ज्याचं अंगण त्याचंच भात असा हिशेब त्या दहा मिनिटांत नव्हता. समोरच्या घरात फक्त एक आजी होत्या. त्यांच्या भातावर आमच्या घरची ताडपत्री गेली आणि आमच्यावर तिसऱ्याच घरातलं जुनं फ्लेक्स आलं. त्यावर कुठल्याशा वाढदिवसाचे शुभेच्छुक अर्धे उलटे छापलेले होते. काकांनी शेतात फोन लावला. तिथं एक थेंबही नव्हता.

संध्याकाळी दीपमाळ लावली. वारा इतका की खालची वात लागेपर्यंत वरची विझायची. दोन पोरं शिडीवर, चार खाली सूचना द्यायला. मलप्रभेच्या घाटावर काही बायकांनी द्रोणात दिवे सोडले. ही नदी इथून पश्चिमेला कणकुंबीत उगम पावते, सह्याद्रीच्या माथ्यावर. समुद्र तिथून जवळ, पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि पार कूडलसंगमला कृष्णेला मिळते. खानापुरात ती अजून लहान आहे.

रात्री पंगतीत बसलो असताना वाऱ्याची दिशा बदलली. पंगतीतल्या दोघातिघांनी ते माझ्या आधी ओळखलं. पूर्वेचा वारा कोरडा. तो सुटला की ढग हटतात आणि ढग हटले की रात्री जमीन झपाट्यानं गार पडते. वाढणारे काका आमटीचं भांडं खाली ठेवून म्हणाले, "आली थंडी." सगळी पंगत खूश झाली. थंडी आल्याचा आनंद होणारी माणसं मी पुण्यात पाहिली आहेत, पण ती हुरड्याची जाहिरात बघून. इथं आनंद एवढ्याचाच, की उद्या भारे बांधता येतील.

शनिवार

थंडीचा पहिला उपद्रव म्हणजे दव. सकाळी सहाला उठून उपयोग नाही, कारण नऊ-दहा वाजेपर्यंत भाताला हात लावता येत नाही. शेत नंदगडच्या बाजूला, रानाला लागून. आम्ही पोचलो तेव्हा ओल नुकती उडत होती. बायका बांधावर बसून भाकरी खात होत्या, सोबत खरडा आणि उकडलेली रताळी. बेळगाव-खानापूरच्या माळावर रताळी अमाप होतात आणि ट्रक भरून उत्तरेत दिल्लीपर्यंत जातात. उरलेली इथं उपासाला, बिनउपासाला, मधल्या वेळेला.

कामाला आलेली माणसं मजुरीवर नव्हती, पैऱ्यानं आली होती. आज ती आमच्या शेतात, परवा मावशी आणि काका त्यांच्या. यावर शहरात बसून गळा काढून बोलण्याची पद्धत आहे: गावची एकी, जुने संबंध वगैरे. मावशीकडे वही आहे. दुरेघी वही, वरच्या पानावर देवीचा छाप, आत कुणाच्या घरचं कोण किती दिवस आलं, अर्धा दिवस की पूर्ण, पुरुष की बाई. नववीतली पुतणी ती लिहिते, कारण तिच्याशी कुणी वाद घालत नाही. मागच्या वर्षीचे दोन दिवस एका घराकडे बाकी आहेत. त्यांनी यंदा न बोलावता माणूस पाठवला. संबंध टिकलेत ते या वहीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना स्वतःचं शेतच नाही त्यांना पैऱ्यात जागा नाही. त्यांना रोख मजुरी किंवा धान्य. हेही त्याच वहीत, मागच्या पानापासून उलटं लिहिलेलं.

दुपारी मळणी सुरू झाली. शेणानं सारवलेलं खळं आता राहिलं नाही. जाड ताडपत्रीवर पेंढ्या गोल मांडायच्या आणि वरून ट्रॅक्टर फिरवायचा. ट्रॅक्टर एक फेरा घेऊन थांबला की बायका काट्यांनी पिंजर, म्हणजे भाताचं गवत, उलटून झाडतात, बाजूला काढतात. परत फेरा. मला पिंजर झाडायचं काम दिलं होतं. दिसायला फारच सोपं. काटी खाली घालून वर उचलायची आणि मनगटाला एक झटका द्यायचा, की अडकलेले दाणे खाली गळतात आणि पिंजर हलकं होऊन पुढं पडतं. झटका खांद्यातून दिला तर पिंजर स्वतःच्या अंगावर येतं. माझ्या शेजारची बाई साठीच्या पुढची असेल. तिच्या काटीचा आवाजच येत नव्हता.

शेवटी मोठा पंखा लावून भाताला वारं दिलं. फोल दाणे आणि कूस उडून पलीकडे, भरलेला दाणा खाली. रास झाल्यावर काकांनी त्यावर विळा ठेवला, नारळ ठेवला, झेंडूचं एक फूल खोचलं. पाच मिनिटं सगळे उभे. मग पोती भरायला सुरुवात.

व्यापाऱ्याचा माणूस तोवर येऊन बसलाच होता. त्यानं मूठभर भात घेतलं, दोन दाणे दातांखाली फोडले आणि म्हणाला, "ओल हाय." हे वाक्य तो बहुधा भर उन्हाळ्यातही म्हणत असणार. 2024-25 च्या हंगामात साध्या भाताला केंद्राचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता, पण त्यासाठी ओलावा 17 टक्क्यांच्या आत लागतो. आत आणायचा तर आणखी दोन उन्हं द्यायची. दोन उन्हं म्हणजे आणखी दोन रात्री राखण. काका आणखी उन्हं द्यायला तयार नव्हते. मावशी म्हणाली, "बसा जरा, चहा घ्या," आणि भात दिलं नाही ते नाहीच.

राखण का, ते रात्री कळलं. दांडेलीच्या बाजूच्या जंगलातून सुगीच्या दिवसांत हत्ती या पट्ट्यात उतरतात. गवे आणि रानडुकरं तर कायमचीच. मावसभाऊ, मी आणि शेजारच्या शेतातले दोघं. झाडावर माळा बांधलेला, पण बसलो खालीच. शेकोटी खळ्यापासून बरीच लांब पेटवलेली, कारण पिंजराची गंजी एका ठिणगीत जाते. दरवर्षी कुठं ना कुठं तरी जातेच. खिशात फटाके, दिवाळीतून मुद्दाम राखून ठेवलेले. मावसभाऊ वेर्ण्याच्या रात्रपाळीचं सांगत होता. तिथंही जागायचं आणि इथंही, फरक एवढाच की तिथं डबा मिळतो. शेजारचे एक जण म्हणाले, "हत्ती दिसला तर पळू नका, आधी मला उठवा." आणि ते झोपले.

हत्ती आले नाहीत. पहाटे ओढ्याकडे डुकरांची खुसफुस झाली, एक फटाका उडवला. थंडी अशी होती की फटाका पेटवताना काडी हातात धरवेना.

रविवार

खानापूरचा आठवडी बाजार. सुगीतला बाजार बघायचा असेल तर सकाळी जाऊ नये, कारण सकाळी फक्त विकणारे असतात. घेणारे चारनंतर, शेतातून परस्पर, अंगाला कूस चिकटलेले.

बुरुडांकडे सगळ्यात गर्दी. सुपं, टोपल्या, मोठी डालगी. एका बाईनं सूप घेण्याआधी ते उलटं करून अंगठ्यानं कड दाबली, मग पाखडायचा अभिनय केला, नुसताच, हवेत. कड सैल निघाली. "हे नको, दुसरं दे." दुसऱ्यावर तोच प्रयोग. चौथं पसंत पडलं. बुरूड शांत होता. त्याला ठाऊक होतं की जी चार सुपं हवेत पाखडते ती घेतल्याशिवाय जात नाही. नुसता भाव विचारते तीच निघून जाते.

पलीकडं जवारी, म्हणजे गावठी, मिरची, जवारी कोंबडी, जवारी वांगी. 'जवारी' म्हटलं की भाव वाढतो आणि खरंच जवारी आहे का हे फक्त विकणाऱ्याला माहीत. लाल ब्याडगी मिरचीचे ढीग, गोव्याकडून आलेली मासळी, सुके बोंबील, भुईमुगाच्या शेंगा. मसूर घ्यायला झुंबड. ती खायला नव्हे, पेरायला. भात निघालं की शेतात जी ओल राहते तिच्यावरच इकडे मसूर, वाटाणा, हरभरा येतो. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. म्हणून भात उचलायची घाई. जमीन सुकली तर कडधान्याची वेळ गेली. एका कडेला धनगर घोंगड्या घेऊन बसलेला, त्याच्या शेजारी उत्तरेतल्या पोरांचे लोकरी ब्लँकेटचे ढीग. मावशीनं घोंगडीला हात लावला, भाव विचारला, मायेनं घडी घातली आणि ब्लँकेट घेतलं.

भाषांचं म्हणाल तर मासेवाली कोंकणीत भाव सांगते, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं, शेजारचा मिरचीवाला दखनीत मध्ये पडतो आणि सुटे पैसे कन्नडमधून मोजले जातात. हा तालुका महाराष्ट्रातल्या वाचकांना आठवतो तो 1 नोव्हेंबरला. 1956 साली राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, म्हणून त्या दिवशी बेळगावात मराठी माणसं काळा दिवस पाळतात आणि दुसऱ्या बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक निघते. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. हे सगळं खरं आहे आणि इथल्या माणसाला ते लागतं. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं लहान होत होत कोपऱ्यात गेली, सातबाऱ्याचा उतारा कन्नडमध्ये मिळतो, तो वाचायला शाळेतला पोरगा लागतो. काकांच्या बोलण्यात राग आहे. पण आम्ही मात्र 2 नोव्हेंबरपासून 31 ऑक्टोबरपर्यंत इकडे बघत नाही, तेव्हा त्या रागात आमचाही वाटा आहे, असं त्यांनी मला दोनदा सुनावलं. मी ऐकून घेतलं.

रात्री देवळात बैठक. विषय आळंदी. माउलींचा संजीवन समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे अजून दहा-अकरा दिवसांनी. दरवर्षी इथून मंडळी जातात. यंदा भात लांबलेलं, मग जायचं कुणी? ज्यांचं मळून झालंय त्यांनी जावं, असं एक मत. मग ज्यांचं कधीच वेळेत होत नाही त्यांनी आळंदी बघूच नये काय, असं दुसरं. आवाज चढले. विणेकऱ्यांचं स्वतःचं अजून अर्धं शेत कापायचं होतं. शेवटी ठरलं ते असं: उद्यापासून सगळ्यांनी मिळून आधी त्यांचं शेत उचलायचं. वहीत लिहायचं की नाही यावर पुन्हा चर्चा झाली. लिहायचं ठरलं.

सोमवार

मंडळी विणेकऱ्यांच्या शेतात गेली. मला आज सुट्टी मिळाली, म्हणून मावसभावाच्या गाडीवरून नंदगड आणि हलशी.

वाटेत वीटभट्ट्यांची नवी खोपटी. पाऊस संपला की विटा पाडायला सुरुवात होते. खानापूरची माती चिवट. कौलं, मडकी, विटा यांच्यावर इथल्या बऱ्याच घरांची चूल पेटली आहे आणि कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही इथंच आहे. भाताच्या गिरणीतला कोंडा भट्टीला जळण म्हणून जातो.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. कित्तूरच्या चन्नम्मा राणीचा हा शिलेदार. राणीच्या पाडावानंतरही तो लढत राहिला आणि 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी त्याला इथं फाशी दिलं. समाधीवर वडाचं झाड आहे. मूल व्हावं म्हणून बायका तिथं लाकडी पाळणे वाहतात. क्रांतिकारकाच्या समाधीवर पाळणे कसे आले, ते तिथल्या आजींना विचारलं. "मोठा माणूस, देतोय," एवढंच उत्तर.

हलशी म्हणजे कदंब राजांची जुनी पलाशिका. भूवराह नरसिंहाचं देऊळ 12व्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. समोरासमोर दोन गाभारे, एकात नरसिंह, दुसऱ्यात भूदेवीला उचललेला वराह. मूर्ती सुंदरच आहे. पण त्या दिवशी सगळ्या देवळात आम्ही दोघंच होतो. पुजारीसुद्धा दार उघडून देऊन शेताकडं गेले आणि जाताना म्हणाले, "निघताना कडी घाला, माकडं येतात."

मंगळवार

मावशीनं दोन पिशव्या दिल्या. एकीत नवा तांदूळ, एकीत गेल्या वर्षीचा. नवा लगेच शिजवलास तर गोळा होईल, सहा महिने ठेव, तोवर जुना खा. आणि मसूर. "उद्या मत देऊन ये म्हटलं असतं, पण तिकडंच देतीस," असं म्हणून ती शेतात गेली. भात अजून दिलेलं नाही. व्यापाऱ्याचा माणूस काल परत येऊन गेला म्हणे आणि ओल नाही असं स्वतःच म्हणाला.

बेळगावला बस बदलली. हत्तरगी सोडल्यावर ऊस सुरू झाला. कारखाने पेटलेत, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचे डोंगर, पुढं कर्णकर्कश गाणी. संकेश्वरजवळ एक ट्रॉली कलंडली होती, अर्धा तास गाडी हलली नाही. माझ्या पुढच्या बाकावर दोन शेतकरी, एक चिकोडीकडचा, कन्नड बोलणारा, दुसरा कागलचा. यंदा टनाला काय मिळावं यावर जुंपली. हा कन्नडमध्ये आकडा सांगायचा, तो मराठीत नाही म्हणायचा. मधून दोघंही कारखान्याच्या काट्याला शिव्या द्यायचे, त्याबाबत एकमत होतं. निपाणी आली, पहिला उतरायला उठला, पिशवी घेतली, दारापर्यंत गेला आणि तिथून मागं वळून आपल्या आकड्यात पन्नास रुपयांनी खाली आला.